एकच गोळी : सिंगल-शॉट रायफलची अचूकता आणि साइटची निवड

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय फलकावर वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. शिकारीची रायफल, आणि तीही या व्यासपीठावर? तेव्हा आधीच सांगून टाकतो. मी शिकारी नाही. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकारीवर बंदी आली आणि ते योग्यच झालं, असं माझं मत आहे. मग हा विषय का घेतला? एका फोनमुळे.

माझा भाचा बरीच वर्षं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात राहतो. तिथे नोव्हेंबरअखेर हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. रीतसर परवाना काढायचा, सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा, अंगात भडक नारिंगी जाकीट घालायचं आणि ठरवून दिलेल्या वेळेतच बंदूक चालवायची. शेजाऱ्यांच्या संगतीनं हाही जाऊ लागला. त्यानं मुद्दाम सिंगल-शॉट रायफल घेतली, म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरायची. मॅगझीन नाही. गोळी झाडली की कोठी उघडायची, रिकामं काडतूस काढायचं, दुसरं हातानं घालायचं. तोवर हरीण थांबत नाही.

दोन वर्षांपूर्वी, हंगामाच्या पहिल्याच संध्याकाळी, अंदाजे १८० यार्डांवर त्याला हरीण दिसलं. झाडाच्या बेचक्यात रायफल टेकवून त्यानं चाप ओढला. हरीण दचकलं आणि पळालं. थोड्या अंतरापर्यंत रक्ताचे थेंब होते, पुढे माग हरवला. रात्री उशिरापर्यंत टॉर्च घेऊन शोधलं, सकाळी पुन्हा शोधलं. सापडलं नाही. त्यानंतर त्याचा फोन आला. आवाज उतरलेला. म्हणाला, "मामा, चूक रायफलची की माझी?"

आणि त्यानं मला एका कागदाचा फोटो पाठवला. शंभर यार्डांवर झाडलेल्या तीन गोळ्या. तिन्ही भोकं एक इंचाच्या वर्तुळात बसत होती. "एवढी अचूक रायफल चुकेल कशी?" हा त्याचा प्रश्न. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे.

अचूकता कशाला म्हणायचं?

तुमच्यापैकी जे एनसीसीत होते त्यांना 'ग्रुपिंग' हा शब्द आठवत असेल. कॅम्पात पाच गोळ्या मिळायच्या आणि मग उस्ताद कागदावरची भोकं किती जवळजवळ पडली ते मोजायचे. भोकं जवळ पडणं म्हणजे सातत्य. ती हव्या त्या जागी पडणं ही वेगळी गोष्ट. पाचही गोळ्या एकाच कोपऱ्यात गेल्या तर सातत्य उत्तम आहे, फक्त साइट हलवायला हवी. पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या तर साइट हलवून काही उपयोग नाही.

हे मोजायचं एकक म्हणजे कोनाचा मिनिट, एका अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर एक मिनिट म्हणजे साधारण २९ मिलिमीटर. शंभर यार्डांवर एक इंचाहून किंचित जास्त. अंतर दुप्पट झालं की फैलाव दुप्पट. म्हणून कोनात बोलणं सोयीचं पडतं.

आता तीन गोळ्यांचा तो कागद. त्यात एक फसवणूक आहे, आणि ती गणिताची आहे. एकाच रायफलमधून एकाच पद्धतीनं झाडलेल्या गोळ्या मध्याभोवती विखुरतात. थोड्या गोळ्या झाडल्या तर टोकाची गोळी कदाचित येतच नाही. जितक्या जास्त झाडाल तितका ग्रुप मोठा दिसतो. सरासरीनं पाहिलं तर दहा गोळ्यांचा ग्रुप हा तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या सुमारे १.६ पट असतो. रायफल तीच, माणूस तोच. शिवाय आपण चार कागद झाडतो आणि त्यातला सर्वांत सुंदर खिशात ठेवतो. लग्नाच्या स्थळाला पाठवायचा फोटो निवडतो ना, तसंच. फोटो खोटा नसतो, पण रोज सकाळी तो चेहरा दिसत नाही.

पण सिंगल-शॉट शिकारी रायफलच्या बाबतीत याहून महत्त्वाची गोष्ट आहे. रेंजवर आपण एकामागून एक गोळ्या झाडतो. नळी गरम होते, हात बसतो, चापाचा अंदाज येतो. जंगलात पहिलीच गोळी निर्णायक. नळी थंड, हात थंड, छातीत धडधड. तेव्हा या रायफलची खरी अचूकता म्हणजे थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी कुठे जाते, आणि ती दर वेळी तिथेच जाते का.

हे मोजायची पद्धत फार सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. एक कागद घ्या. रोज एकच गोळी झाडा. कागद काढून घरी न्या, दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा लावा. दहा दिवसांत दहा भोकं. हा तुमचा खरा ग्रुप.

नळी, दस्ता आणि टेकू

सिंगल-शॉट रायफल ही जुनी घडण आहे. ख्रिश्चन शार्प्सचं पेटंट १८४८चं. स्कॉटलंडच्या जॉन फार्कर्सननं १८७२मध्ये आपल्या घडणीचं पेटंट घेतलं. त्यात कोठी बंद करणारा लोखंडी ठोकळा खालच्या दांडीनं वरखाली सरकतो. याला फॉलिंग ब्लॉक म्हणतात. तिकडे अमेरिकेत युटामधल्या ऑग्डेनच्या जॉन ब्राउनिंगनं १८७९मध्ये अशाच एका रायफलचं पेटंट मिळवलं. विंचेस्टर कंपनीनं १८८३मध्ये ते हक्क विकत घेतले आणि ती रायफल मॉडेल १८८५ म्हणून बाजारात आणली. मॅगझीनवाल्या रायफली आल्यावर हा प्रकार मागे पडला, पण मेला नाही. १९६७मध्ये रुगर नंबर वन ही नवी फॉलिंग-ब्लॉक रायफल आली आणि तिनं पुन्हा गिऱ्हाईक मिळवलं.

या घडणीचा फायदा असा की ठोकळा भक्कम असतो, आणि बोल्ट मागेपुढे सरकायला जागा लागत नसल्यामुळे नळी तेवढीच ठेवूनही रायफल तीन-चार इंच आखूड होते. झाडीत याला महत्त्व आहे.

तोटा असा की अशा रायफलींचा लाकडी दस्ता बहुधा दोन तुकड्यांचा असतो. मागचा तुकडा खांद्याला आणि पुढचा नळीखाली हाताला. हा पुढचा तुकडा नळीला किंवा नळीखालच्या आधाराला जोडलेला असतो. पावसाळी हवेत लाकूड फुगलं, स्क्रू कमीजास्त आवळला, की त्याचा नळीवरचा दाब बदलतो. गोळी सुटते तेव्हा नळी सतारीच्या तारेसारखी थरथरते. दाब बदलला की थरथर बदलते, आणि गोळीची जागा बदलते. म्हणून जाणकार दोन गोष्टी पाळतात. पुढच्या तुकड्याचा स्क्रू दर वेळी सारखाच आवळायचा आणि टेकू दर वेळी त्या तुकड्याच्या एकाच जागी द्यायचा. नळी मात्र कशावरही टेकवायची नाही. कठीण वस्तूवर नळी टेकली की गोळी सुटताना ती त्या वस्तूपासून दूर उसळते, आणि गोळी बहुधा वर जाते.

तिसरी गोष्ट तेलाची. गंजू नये म्हणून नळीत तेल फिरवून ठेवतात. तेलकट नळीतली पहिली गोळी पुष्कळदा बाकीच्यांपासून वेगळी पडते. एकोणिसाव्या शतकात काळी दारू वापरायचे, तिची काजळी नळीत साचायची. तेव्हाचे नेमबाज त्यामुळे गोळ्यांच्या मधेमधे नळी पुसून घ्यायचे. हेतू एकच. प्रत्येक गोळीला तीच नळी मिळाली पाहिजे.

डोळ्याची अडचण

आता साइटकडे येऊ. सर्वांत साधी म्हणजे ओपन साइट. मागे खाच, पुढे नळीच्या टोकाला माशी, आणि पलीकडे लक्ष्य. खाच डोळ्यापासून हातभर, माशी साधारण मीटरभर, लक्ष्य शंभर मीटर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. तिघांपैकी दोघे कायम धूसर राहणार. अनुभवी माणूस माशी स्पष्ट ठेवतो, कारण तिथली चूक सर्वांत महागात पडते.

किती महागात? समजा, खाच आणि माशी यांच्यात ६० सेंटिमीटर अंतर आहे. माशी खाचेच्या मध्यापासून फक्त एक मिलिमीटर सरकली. शंभर मीटरवर गोळी सुमारे १६.७ सेंटिमीटर बाजूला जाते. मागची साइट आणखी मागे, दस्त्याच्या मुठीवर नेली आणि हे अंतर ८५ सेंटिमीटर झालं, तर त्याच एका मिलिमीटरची किंमत ११.८ सेंटिमीटर होते. दोन साइटमधलं अंतर वाढवणं म्हणजे चूक स्वस्त करणं.

दुसरी अडचण जाडीची. दोन मिलिमीटर जाडीची माशी डोळ्यापासून मीटरभर अंतरावर असेल तर शंभर मीटरवर ती २० सेंटिमीटर भाग झाकते. हरणाच्या छातीतला हृदय-फुफ्फुसाचा भाग, जिथे लागल्यावर ते लगेच मरतं, तो साधारण एवढाच धरतात. सुमारे आठ इंच. म्हणजे ज्याच्यावर नेम धरायचा तेच माशीखाली लपतं. ओपन साइटची मर्यादा इथेच उघड होते.

छिद्राची जादू

मागच्या खाचेच्या जागी एक छोटं गोल छिद्र बसवा. ही झाली पीप साइट, म्हणजेच ॲपर्चर साइट. छिद्रातून पाहताना दोन गोष्टी आपोआप घडतात. एक, डोळा माशीला छिद्राच्या मध्याशी नकळत आणून ठेवतो. त्यासाठी प्रयत्न करावा लागत नाही. दोन, लहान छिद्रातून पाहिलं की जवळचं आणि दूरचं एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. चष्मा काढून, मूठ वळून तिच्यातल्या बारीक फटीतून समोरची पाटी वाचून पाहा. आत्ता, बसल्या जागी करा. दिसली ना थोडी स्पष्ट?

या छिद्राची ताकद जगाला १८७४मध्ये दिसली. २६ सप्टेंबरला न्यू यॉर्कजवळच्या क्रीडमूर इथे आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला. दोन्हीकडे सहा-सहा नेमबाज, अंतरं ८००, ९०० आणि १००० यार्ड, प्रत्येकाला प्रत्येक अंतरावर १५ गोळ्या. आयरिश लोकांकडे रिग्बीच्या तोंडाकडून ठासायच्या रायफली, अमेरिकनांकडे मागून काडतूस भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. दोन्हीकडच्या सिंगल-शॉट, आणि दुर्बीण कुणाकडेच नाही. मागची छिद्राची साइट व्हर्नियरच्या मोजपट्टीवर केसाएवढी वरखाली होणारी. शाळेत व्हर्निअर कॅलिपर वापरलंत ना, तीच युक्ती.

निकाल काय लागला? अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. अमेरिकेच्या जॉन बोडाइनच्या शेवटच्या गोळीनं सामना फिरला. त्याचा हात त्याआधी बाटली फुटून कापला होता, रक्त वाहत होतं. पण मला दुसरी गोळी जास्त शिकवते. आयर्लंडच्या मिलनरनं एक गोळी अगदी मधोमध मारली, पण शेजारच्या लक्ष्यावर! शून्य गुण. बरोबर लक्ष्यावर लागली असती तर तिचे चार गुण मिळाले असते. ९३१ अधिक चार किती, ते तुम्हीच करा. साइट, रायफल, हात, सगळं अचूक होतं. साइट कुठे रोखायची हे मात्र साइट सांगत नाही.

आपल्याशी याचं थेट नातं आहे. ऑलिंपिकमधली ५० मीटर रायफल स्पर्धा आजही एकेक काडतूस भरायच्या रायफलनं होते. दुर्बिणीला परवानगी नाही. मागे छिद्र, पुढे वर्तुळ. तिथलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१०मध्ये म्युनिकला याच प्रकारच्या रायफलनं जागतिक विजेतेपद मिळवलं, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक. तेव्हा छिद्राची साइट जुनाट असेल, कमकुवत मुळीच नाही.

मग शिकारीला हीच घ्यावी का? इथे उजेडाचा प्रश्न येतो. छिद्र जितकं लहान तितकं चित्र स्पष्ट, पण तितकंच अंधारं. हरणं बाहेर पडतात पहाटे आणि संधिकाळी. म्हणून शिकारी मोठ्या छिद्राची, बारीक कडेची चकती वापरतात. अचूकता थोडी जाते, प्रकाश येतो. आणखी एक धोका. मुठीवरची साइट डोळ्याच्या फार जवळ असते. जबर धक्का देणाऱ्या रायफलवर ती डोळ्यावर आदळू शकते. अशा रायफलवर छिद्र थोडं पुढे, कोठीच्या वर बसवलेलं बरं.

दुर्बीण काय देते, काय देत नाही

दुर्बिणीचा पहिला फायदा लोकांना वाटतो तो नव्हे. मोठं दिसतं हे दुय्यम. खरा फायदा असा की नेमाची फुली आणि लक्ष्य एकाच प्रतलात दिसतात. खाच-माशी-लक्ष्य ही तिघांची ओढाताण संपते. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्याला हे वरदान आहे. आणि फुली बारीक असल्यामुळे लक्ष्य झाकलं जात नाही.

पण मोठं दिसण्याचा हिशेब चुकवावा लागतो. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पटी, एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत आपल्या डोळ्यात येतो. ४० मिलिमीटरचं भिंग आणि चार पट, तर १० मिलिमीटर. तेच नऊ पट केलं तर ४.४. अंधार पडू लागतो तेव्हा बाहुली पाच-सहा मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढेल तशी कमी. म्हणजे चार पटीला डोळा भरून प्रकाश मिळतो आणि डोकं थोडं इकडेतिकडे झालं तरी चित्र जात नाही. नऊ पटीला चित्र मंद होतं, डोकं नेमकं ठेवावं लागतं, दृश्याचा घेर आक्रसतो आणि स्वतःच्या हाताचा थरकापही नऊ पट दिसतो. घाबरून माणूस चाप हिसकतो.

सिंगल-शॉटवर आणखी एक व्यावहारिक अडचण येते. काही फॉलिंग-ब्लॉक रायफलींवर दुर्बीण बसवायची पट्टी बरीच पुढे असते. डोळ्यापासून जास्त लांब ठेवूनही पूर्ण चित्र दाखवेल अशीच दुर्बीण तिथे चालते. नाहीतर मान पुढे काढून पाहावं लागतं. दुकानात उभ्याउभ्या ठीक वाटतं, जाड कोट घालून बसल्यावर कळतं.

आणि दुर्बीण गुरुत्वाकर्षण थांबवत नाही. .४५-७० या जुन्या काडतुसाचं उदाहरण घेऊ. ४०५ ग्रेनची जड गोळी, सुटतानाचा वेग सेकंदाला सुमारे १,३३० फूट. शंभर यार्डांवर नेम जुळवला तर दोनशे यार्डांवर गोळी सुमारे दोन फूट खाली पडते. आता समजा, तुम्ही २०० यार्डांचा नेम धरला, पण हरीण प्रत्यक्षात १७५ यार्डांवर आहे. गोळी जवळजवळ नऊ इंच वर जाईल. आठ इंचांचा भाग, त्याच्या मध्यावर धरलेला नेम, आणि नऊ इंचांची चूक. दहा हजारांची दुर्बीण घ्या की लाखाची, ही चूक तिथेच राहते. .३०-०६सारख्या वेगवान काडतुसाला दोनशेवर जुळवलं असेल तर याच चुकीची किंमत एक-दीड इंच आहे. म्हणजे जुन्या, संथ काडतुसाच्या सिंगल-शॉटवर भारी दुर्बीण लावण्याआधी अंतर ओळखायला शिकावं.

बेरीज कशी होते

आता सगळं एकत्र करू. समजा, दोनशे यार्डांवर रायफलचा स्वतःचा फैलाव दोन इंच आहे आणि माणसाच्या हाताचा पाच इंच. एकूण किती? सात नव्हे. एकमेकांशी संबंध नसलेल्या चुका वर्गाच्या बेरजेनं मिळतात. दोनचा वर्ग चार, पाचचा वर्ग पंचवीस, बेरीज एकोणतीस, वर्गमूळ सुमारे ५.४ इंच. आता भरपूर पैसे घालून दुप्पट चांगली रायफल आणा. दोनाचा एक इंच झाला. एक अधिक पंचवीस, सव्वीस, वर्गमूळ ५.१. एवढ्या खर्चानं मिळालं काय? पाव इंचाच्या आसपास! त्याऐवजी नीट टेकू घेऊन बसायला शिकलात आणि हाताचा फैलाव पाचावरून तीनवर आणला, तर जुन्याच रायफलनं एकूण ३.६ होतो.

म्हणून आधी सर्वांत मोठी चूक शोधायची. साइटची निवडही याच नियमानं. डोळा माशीवर ठरत नसेल तर छिद्र किंवा कमी पटीची दुर्बीण घ्या, मोठा फरक पडेल. हात थरथरत असेल तर कोणतीही साइट फारशी मदत करणार नाही.

त्या हरणाचं काय झालं

पुढच्या उन्हाळ्यात मी भाच्याकडे गेलो तेव्हा आम्ही हे करून पाहिलं. त्यानं रोज संध्याकाळी रेंजवर जाऊन एकेक गोळी झाडली. दहा दिवसांचा कागद एक इंचाचा नव्हता, अडीच इंचांचा निघाला. तेलकट नळीच्या गोळ्या वरच्या अंगाला. मग मी त्याला एक लाकडाचा ओंडका दिला आणि म्हटलं, त्या संध्याकाळी टेकवलीस तशीच टेकव. त्यानं टेकवली ती थेट नळी. शंभर यार्डांवर गोळी चार इंच वर गेली. १८०वर ती सात इंच होते. छातीच्या मध्यापासून सात इंच वर.

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. दुर्बीण त्या संध्याकाळी नऊ पटीवर होती हेही त्याला तेव्हाच आठवलं. मी त्याला म्हटलं, "रायफलनं तुला फसवलं नाही. तिला जे विचारलंस त्याचं तिनं खरं उत्तर दिलं. तू चुकीचा प्रश्न विचारलास." टेबलावर, वाळूच्या पिशवीवर, गरम नळीनं तीन गोळ्या किती जवळ पडतात, हा त्याचा प्रश्न होता. थंडीत, झाडापाशी बसून, पहिली गोळी कुठे जाईल, हे त्यानं विचारलंच नव्हतं.

त्यानंतर त्यानं आठ इंचांच्या कागदी थाळ्या आणल्या. जंगलात बसतो तसं बसून, वेगवेगळ्या अंतरांवर, थंड नळीनं. दहापैकी दहा थाळीत बसतील ते त्याचं अंतर. ते निघालं १२० यार्ड. त्यानं ते चिकटपट्टीवर लिहून दस्त्याला लावलं, आणि दुर्बिणीची पटी बदलायचं कडंही चारवर चिकटपट्टीनं पक्कं केलं. गेल्या हंगामात त्याला एकदा हरीण दिसलं, दीडशेच्या आसपास. त्यानं काडतूस काढून खिशात टाकलं आणि घरी आला.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : हल्ली रेड डॉट साइट निघाल्या आहेत. त्या सिंगल-शॉटवर चालतील का?

उत्तर : चालतील. लाल ठिपका आणि लक्ष्य एकाच प्रतलात दिसतात, डोकं कुठेही असलं तरी फारसं बिघडत नाही, आणि झाडीतल्या जवळच्या अंतराला ते फार सोयीचं आहे. मात्र पटी नाही, आणि ठिपक्याची जाडी बघून घ्यावी. चार मिनिटांचा ठिपका शंभर यार्डांवर चार इंच झाकतो. ज्यांच्या डोळ्याला दृष्टिवैषम्य आहे, त्यांना ठिपका चांदणीसारखा फाटलेला दिसतो. त्यांनी विकत घेण्याआधी पाहून घ्यावं. आणि बॅटरी संपते, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : सर, तीन गोळ्यांचा ग्रुप मग निरुपयोगीच का?

उत्तर : अजिबात नाही. साइट ढोबळ जुळवायला, काही सैल झालंय का हे पाहायला तो पुरतो. पण त्यावरून दोन काडतुसांत कोणतं चांगलं हे ठरवू नका. तीन-तीन गोळ्यांत पडणारा फरक बहुतेक वेळा नशिबाचा असतो.

प्रश्न : एकच गोळी असते म्हणून सिंगल-शॉटवाला शिकारी जास्त जबाबदार असतो, असं म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : ऐकायला छान वाटतं. पण इतिहास पाहा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मैदानांवर कातड्यासाठी लाखो गवे मारले गेले, ते मोठ्या प्रमाणात याच सिंगल-शॉट रायफलींनी. १८८०च्या दशकाच्या अखेरीस रानात काही शेकडेच उरले होते. आणि त्या गव्यांवर ज्यांचं जगणं होतं ते कोमांची, कायोवा, शायेन लोक उद्ध्वस्त झाले. १८७४च्या जूनमध्ये टेक्सासमधल्या अडोबी वॉल्सच्या लढाईत बिली डिक्सन नावाच्या गवे-शिकाऱ्यानं पंधराशे यार्डांहून दूरच्या घोडेस्वाराला उसन्या शार्प्सनं पाडलं, ही गोष्ट आजही अभिमानानं सांगतात. अंतराबद्दल वाद आहेत. पण स्वतः डिक्सननंच ती नशिबाची गोळी होती असं म्हटलंय. तेव्हा, बंदुकीत एकच काडतूस बसतं म्हणून कुणी संयमी होत नाही. आपली गोळी कुठपर्यंत भरवशाची आहे हे मोजून पाहिलेलं असेल, आणि त्या रेषेपलीकडे चाप ओढायचा नाही हे आधीच ठरवलेलं असेल, तर होतो. त्यासाठी सिंगल-शॉटच पाहिजे असं नाही.

प्रश्न : मग एका वाक्यात सांगा, कोणती साइट घ्यावी?

उत्तर : (हसून) एका वाक्यात सांगता आलं असतं तर तुम्हाला तासभर बसवलं नसतं. झाडी, जवळचं अंतर, डोळे चांगले : मोठ्या छिद्राची पीप साइट. संधिप्रकाश किंवा चाळिशीपुढचे डोळे : चार पटीपर्यंतची दुर्बीण. संथ, जड गोळीचं जुनं काडतूस : पीप साइट आणि अंतर ओळखायचा सराव. मोकळं मैदान, लांबचं अंतर, वेगवान काडतूस : जास्त पटीची दुर्बीण, पण आधी त्या अंतरावर दहापैकी दहा थाळ्या मारून दाखवा. आणि कोणतीही घेतलीत तरी दहा दिवस, रोज एक गोळी, तोच कागद.